स्थळ मोठ्या घरातलं असलं, तरी चौकशी पूर्ण करा

पंचतारांकित हॉटेलातली पहिली भेट, दारात महागडी गाडी, बोलण्यात बड्या ओळखी. असं स्थळ आलं की ‘त्यांना काय वाटेल?’ या संकोचापायी विचारायचे प्रश्न राहून जातात. ते साखरपुड्याआधीच विचारा.

१. मुलामुलीला एकटं बोलू द्या. आधीचं लग्न, मोडलेला साखरपुडा, मूल, आजार, कर्ज, व्यसन यांबद्दल दोघांनी एकमेकांना स्पष्ट विचारावं. स्वतःचंही आधी सांगावं.

२. घटस्फोट झाला असेल, तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत पाहा. ‘केस संपतच आलीय’ म्हणजे घटस्फोट नव्हे. हिंदू विवाह कायद्यानुसार अपिलाची ९० दिवसांची मुदत असते. ती संपल्याची आणि अपील दाखल नसल्याची खात्री वकिलाकडून करून घ्या.

३. कागदांची देवाणघेवाण करा. पदवी, पगाराची स्लिप, आयकर विवरणपत्र, क्रेडिट रिपोर्ट. आपले कागद आधी पुढे केले, की मागताना अवघड वाटत नाही. कंपनीचा संचालक म्हणवणाऱ्याचं नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतं.

४. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाव शोधा. मात्र तिथे काही सापडलं नाही, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

५. मध्यस्थाच्या शब्दावर थांबू नका. जुने शेजारी, सहकारी, कॉलेजातले मित्र यांच्याकडे विचारा. ऐकीव गोष्ट मात्र समोरच्याला खुलाशाची संधी दिल्याशिवाय खरी धरू नका.

६. परदेशातलं स्थळ असेल, तर व्हिसा, नोकरीचं पत्र, राहता पत्ता आणि तिथली वैवाहिक नोंद तपासा. सुट्टी संपायच्या आत लग्न उरकण्याची घाई मान्य करू नका.

७. लग्नानंतर फसवणूक कळली, तर लगेच वकील गाठा. महत्त्वाची बाब लपवून संमती मिळवली असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली विवाह रद्द करून मागता येतो. पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षात. आधीचं लग्न कायम असताना ते लपवून दुसरं करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हा आहे, शिक्षा १० वर्षांपर्यंत.

घटस्फोट हा कुणाचाही कलंक नाही. ज्यानं तो आपणहून सांगितला, त्याला मान द्या. ज्यानं लपवला, त्याला नकार द्या. हॉल बुक झाला असला, तरीही.