पिकाची नोंद खातेदाराने कशी करावी?

सातबाराच्या उताऱ्यात दोन नमुने एकत्र असतात. गाव नमुना ७ जमिनीवरील हक्क दाखवितो, तर गाव नमुना १२ त्या जमिनीतील पीक दाखवितो. पूर्वी पिकाची नोंद तलाठी पाहणी करून घेत असत. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ही नोंद खातेदाराने स्वतः मोबाईल फोनवरून करावयाची पद्धत सुरू झाली. हिलाच ‘ई-पीक पाहणी’ म्हणतात.

ही पद्धत सोयीची आहे. परंतु ती प्रत्येकास साधतेच असे नाही. एखाद्याजवळ साधाच फोन असतो, एखाद्याच्या शिवारात रेंज नसते, तर वृद्ध खातेदारास पडद्यावरील बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. अशा वेळी शेतात पीक उभे असूनही नोंद राहून जाते. पुढे अतिवृष्टीची भरपाई मागताना किंवा हमीभावाने माल विकताना त्याची झळ बसते.

शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(१) घरून निघण्यापूर्वी खाते क्रमांक व गट क्रमांक उताऱ्यावरून पाहून घ्यावेत.

(२) पिकाचे छायाचित्र त्याच गटात उभे राहून घ्यावे. कारण छायाचित्राबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात.

(३) रेंज नसल्यास माहिती फोनमध्येच साठून राहते. गावात आल्यावर ती पाठविली गेली की नाही, हे अवश्य पाहावे. पुष्कळांची नोंद याच पायरीवर अडते.

(४) तूर व सोयाबीन यांसारखी मिश्र पिके असल्यास दोन्हींची नोंद करावी.

(५) चूक झाल्यास ४८ तासांच्या आत दुरुस्ती करावी.

एकाच फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. म्हणून ज्यांच्याजवळ असा फोन नाही, त्यांना शेजाऱ्याने साहाय्य करावे. मात्र फोनवर येणारा सांकेतिक क्रमांक अनोळखी माणसास सांगू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्याच्या हातातील फोन घेऊन स्वतःच सर्व भरून टाकू नये. त्याला भरू द्यावे व तो कोठे अडखळतो ते शेजारी उभे राहून पाहावे. दहा शेतकरी एकाच ठिकाणी अडखळत असतील, तर दोष त्यांचा नसून पडद्यावरील मांडणीचा आहे, असे समजावे व तसे तहसील कार्यालयास लेखी कळवावे.

हंगाम संपण्यापूर्वी प्रत्येक खातेदाराने गाव नमुना १२ मधील आपली नोंद एकदा डोळ्यांखालून घालावी.