बर्फात लागलेलं ऊन

चंद्रपूरच्या माणसाला उन्हाची गोष्ट कोणी सांगू नये. मे महिन्यात पारा ४७ ला टेकतो. दुपट्टा कसा गुंडाळायचा, खिशात कांदा का ठेवायचा, हे आम्हाला अक्षरओळखीच्या आधी कळतं. तरी मला आयुष्यातलं सगळ्यात वाईट ऊन लागलं ते गुलमर्गला, गुडघाभर बर्फात.

पहिली फजिती त्याआधीची, जानेवारी २०२४ ची. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलां’, म्हणजे ऐन कडाका. त्यात बर्फ असणारच म्हणून चार महिने आधी पैसे भरून मोकळा झालो. टनमर्गहून तेरा किलोमीटरचा घाट चढून पोचलो, तर समोर वाळकं पिवळं गवत. घोडेवाले ऊन खात बसलेले. थंडी पडली की बर्फ पडतो, हा माझा समज तिथं गळून पडला. बर्फाला ओल लागते, आणि ती पश्चिमी झंझावात घेऊन येतात. ते फिरकले नाहीत तर कितीही गारठा असो, डोंगर उघडाच. बर्फ आला जानेवारीच्या अखेरीस, मी घरी परतल्यावर. पुढच्याच वर्षी तिथल्या ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या; सरकारची ही गत, तर आपण कोण? तेव्हा जानेवारीपेक्षा फेब्रुवारी धरा, पण खात्री त्याचीही नाही; म्हणून रद्द केल्यावर पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा, चार पैसे जास्त गेले तरी.

फेब्रुवारीत पुन्हा गेलो. हट्टच म्हणा. दोन दिवस पडून पडून बर्फ साचला होता. मी आत सुती बनियान, खाली जीन्स. कापूस आमच्या मातीतला, पण बर्फात त्याच्यासारखा वैरी नाही. स्कीइंग शिकताना दहा वेळा आपटलो, घाम आणि बर्फ दोन्ही त्यानं पिऊन घेतले, आणि तासाभरात मांड्या लाकडासारख्या झाल्या. अंगालगत लोकर किंवा लवकर सुकणारं सिंथेटिक कापड हवं, वर पाणी न शिरणारी पँट. ती तिथं भाड्यानं मिळते. मी शंभर-दोनशे रुपये वाचवायला गेलो.

तिसऱ्या दिवशी आभाळ निळंशार झालं. गॉगल खोलीवर राहिला होता. शिकवणाऱ्या काश्मिरी भाऊंनी दोनदा टोकलं, ‘चष्मा लगाइए.’ मी हसून म्हटलं, ‘हम चंद्रपूर के हैं.’ दिवसभर गार वारा, चटका कुठंच नाही. रात्री अकराला जाग आली ती डोळ्यांत वाळू ओतल्यासारखी. पापणी उघडवेना, पाणी थांबेना, मोबाइलचा उजेडही सुईसारखा टोचत होता. हनुवटीच्या खालची बाजू भाजून लाल झालेली. खालून कोणाला ऊन लागतं का? लागतं. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परतवतो, आणि उंची हजार मीटरनं वाढली की ते किरण दहाएक टक्क्यांनी वाढतात. आमचं गाव जेमतेम दोनशे मीटरवर. गुलमर्ग २,६५० वर. डॉक्टरांनी डोळे न चोळता अंधारात गार पट्ट्या ठेवून पडायला सांगितलं. दोन दिवस खिडकीला ब्लँकेट लावून काढले. ढगाळ असलं तरी कडेनं बंद असलेला गॉगल घाला, हनुवटीखाली, नाकाच्या आतल्या कडेलासुद्धा सनस्क्रीन मलम लावा. आणि पाणी प्या. तहान लागत नाही, पण डोकं चढतं.

आमच्याकडे तेंदूपत्ता तोडणारे पहाटे जंगलात शिरतात आणि ऊन चढायच्या आत परततात. बर्फाचीही वेळ असते. ताज्या जड बर्फावर ऊन चढू लागलं की उतार सुटण्याची भीती वाढते. १ फेब्रुवारी २०२३ ला गुलमर्गच्या अफरवट शिखराच्या उतारावर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले. तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, वरचा टप्पा वाऱ्यामुळे बंद असला तर हुज्जत घालू नका, आणि खुणेच्या पट्ट्याबाहेर हिमस्खलनाचा इशारा वाचल्याशिवाय, वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नका.

आता ओळखीचे लोक तारीख विचारायला येतात. जानेवारी-फेब्रुवारीत कधीकधी आमच्याकडेही आभाळ भरून येतं, शेतकरी तुरीच्या ढिगांवर ताडपत्री ओढतात. तसं झालं की मी काश्मीरचा अंदाज उघडून बघतो. झंझावात तिकडूनही गेला असेल, तर सांगतो, अजून दोन दिवस थांबा, बर्फ बसू द्या, मग निघा.