आधी पोटाला विचार, मग गोळी घे

बाळा, जेवल्यावर पोट दुखलं की तू पर्समधली पित्ताची गोळी काढतेस आणि पुन्हा कामाला लागतेस. एखाद्या दिवशी चालतं ते. पण रोज तेच होत असेल, तर पोट काहीतरी सांगतंय आणि तू त्याचं तोंड दाबते आहेस. मी इतकी वर्षं वॉर्डात काढली, त्यातून शिकलेल्या चार गोष्टी तुला सांगते. नीट लक्षात ठेव.

जागा आणि वेळ सांगता आली पाहिजे

आमचे डॉक्टर पोटाच्या पेशंटला पहिल्यांदा हेच म्हणायचे, "कुठे दुखतं ते बोट ठेवून दाखवा, आणि जेवणानंतर किती वेळाने दुखतं ते सांगा." निम्मा उलगडा तिथेच व्हायचा.

बरगड्यांच्या खाली, मधोमध जळजळ होत असेल, तर जठरातलं आम्ल किंवा व्रण, म्हणजे अल्सर, याचा विचार करायचा. जेवल्याजेवल्या दुखलं तर व्रण बहुधा जठरात असतो. खाल्ल्यावर बरं वाटून दोन-तीन तासांनी किंवा मध्यरात्री दुखू लागलं, तर तो लहान आतड्याच्या तोंडाशी असू शकतो. आमच्या लहानपणी अल्सरचं खापर तिखटावर आणि काळजीवर फुटायचं. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोघांनी दाखवून दिलं, की त्यामागे बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. त्यासाठी त्यांना २००५ साली नोबेल मिळालं. तिखटाने व्रणाची आग वाढते, पण नुसतं तिखट सोडून जंतू जात नाही. त्याला प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्सच लागतो.

अल्सरचं दुसरं मोठं कारण तुझ्या पर्समध्येच आहे. डोकं दुखलं, कंबर दुखली की उपाशीपोटी घेतलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक जठराचं अस्तर दुखावते. सतत घेतली तर भरल्या पोटीही दुखावतेच. अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नकोस.

उजव्या बरगडीखालची कळ वेगळी

लग्नाचं जेवण, तळण, तुपातलं काही खाल्लं आणि उजव्या बरगडीखाली घट्ट कळ धरली, ती उजव्या खांद्यापर्यंत किंवा पाठीत गेली, अर्धा तास ते काही तास टिकली, तर पित्ताशयातले खडे असू शकतात. बायकांना हे जास्त होतं, विशेषतः चाळिशीनंतर. इथे ओव्याचा उपयोग नाही. सोनोग्राफी करून घ्यायची, त्यात खडे दिसतात. कळ पाठीत आरपार जाते, वाकून बसलं की थोडी कमी होते आणि उलट्या थांबत नाहीत, असं झालं तर त्याच वेळी दवाखाना गाठायचा. स्वादुपिंडाला सूज आली की असं दुखतं.

पान तपासून बघ

भर पेला दूध, बासुंदी, आइस्क्रीम खाल्ल्यावर तासा-दोन तासांत पोट गुडगुडतं, फुगतं, शौचाला पातळ होतं, असं आहे का? मोठेपणी अनेकांना दुधातली साखर पचत नाही. दोन आठवडे दूध बंद ठेव, मग थोडं घेऊन बघ, उत्तर मिळेल. दह्या-ताकात ती साखर विरजणाने थोडी कमी झालेली असते, म्हणून ते बऱ्याच जणांना सोसतं.

छोले, राजमा, वाल यांनी गॅस होतो म्हणून कडधान्यं सोडू नकोस. रात्रभर भिजव, ते पाणी टाकून दे, चांगलं शिजव, आणि सुरुवातीला वाटीभरच घे. दिवसभर उपास करून संध्याकाळी ताटभर साबुदाण्याची खिचडी खाऊ नकोस. साबुदाणा, दाण्याचं कूट, तूप असं एकदम पोटात गेल्यावर ते दुखणारच. मोबाइल बघत चार मिनिटांत डबा संपवणंही सोड. घाईत घासाबरोबर हवाही गिळली जाते.

दुपारी आडवी झालीस तर डाव्या कुशीवर हो, आम्ल वर येणं कमी होतं. रात्रीचं जेवण आणि झोप यांत मात्र दोन-तीन तास जाऊ देत.

कोठा साफ आहे ना, हेही विचार

जेवण पोटात गेलं की मोठं आतडं हलू लागतं, ही शरीराची रीतच आहे. कोठा साफ नसेल तर तेव्हाच ओटीपोटात कळ येते. पाणी, पालेभाजी, भाकरी, आणि सकाळी घाई न करता दिलेली दहा मिनिटं, एवढ्याने पुष्कळांचं भागतं. कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब, शौचाला होऊन आल्यावर बरं वाटणं, आणि कामाचा ताण वाढला की दुखणंही वाढणं, हे महिनोन्‌महिने चाललं असेल तर डॉक्टरांना आयबीएसबद्दल विचार. त्यालाही उपचार आहेत.

ओवा कुठवर

कधीतरी जड जेवण झालं, पोट गुबारलं, तर चिमूटभर ओवा, कोमट पाणी, हिंग घातलेलं ताक जरूर घे. खायचा सोडा वरचेवर घेऊ नकोस. त्यात सोडियम असतं, आणि तुझ्या बाबांसारख्या रक्तदाबाच्या माणसाला ते वाईट.

पण शौचाला डांबरासारखं काळं होणं, उलटीत रक्त, प्रयत्न न करता वजन घटणं, घास अडकणं, डोळे पिवळे होणं, ताप, झोपेतून उठवणारं दुखणं, यांपैकी एकही असलं तर घरचे उपाय थांबव आणि डॉक्टरांकडे जा. बाबांनाही सांगून ठेव: पोटाच्या वरच्या भागात दाबल्यासारखं दुखतंय, घाम फुटलाय, दम लागतोय, तर "गॅस असेल" म्हणत बसायचं नाही. ते हृदयाचं असू शकतं, आणि मधुमेह असलेल्यांत तर ते छातीत न दुखताही येतं. लगेच १०८ ला फोन करायचा.

आता तुझं काम. आठवडाभर वहीत लिही: काय खाल्लं, किती वाजता, कुठे दुखलं, किती वेळ, कशाने थांबलं. कोणकोणत्या गोळ्या घेतेस तेही लिही. ती वही डॉक्टरांपुढे ठेव. पाळी पुढे गेली असेल तर न लाजता सांग, कारण त्यावर तपासण्या आणि औषधं बदलतात. आपल्या घरातल्या बायकांनी दुखणी अंगावर काढली आणि सगळे त्याला सोशिकपणा म्हणत राहिले. ती रीत तू पुढे चालवायची नाहीस.