संकटकाळी बँकेचा शब्द

कुंभकोणमलगतच दारासुरम् हे गाव आहे. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने उभारलेल्या ऐरावतेश्वर मंदिराच्या आसपास रेशीम विणणाऱ्यांची घरे आहेत. विणकर, व्यापारी आणि शेतकरी यांच्या या कावेरीकाठच्या प्रदेशात १९०४ साली ‘कुंभकोणम बँक’ स्थापन झाली. तीच आजची सिटी युनियन बँक होय. अशा बँकेचे खरे भांडवल म्हणजे ओळखीतून आलेला विश्वास.

फेब्रुवारी २०१८ मध्ये या विश्वासाची कसोटी लागली. ७ तारखेस हिशेबाचा मेळ घालताना, बँकेने कधीच न दिलेल्या तीन आदेशांनुसार परदेशी पैसे रवाना झाल्याचे आढळले. एकंदर रक्कम वीस लाख डॉलरांच्या घरात होती. ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेचा वापर करून चोरांनी डाव साधला होता. आदेशांची पोच छापणारे यंत्रही त्यांनी आधीच निकामी केले होते. कर्मचाऱ्यांना तो नेहमीचाच बिघाड वाटला. दुबईकडे निघालेले पाच लाख डॉलर व तुर्कस्तानकडे निघालेले तीन लाख युरो अडवले गेले. चीनकडे गेलेले दहा लाख डॉलर मात्र निसटले.

बँकेने हे १७ फेब्रुवारीस जाहीर केले. त्याआधी तीनच दिवस पंजाब नॅशनल बँकेतील हजारो कोटींचा घोटाळा उघड झाला होता, आणि त्यात आतल्या माणसांचा हात असल्याचे आरोप होते. अशा वेळी मोघम बोलून निभावणे सोपे होते. बँकेने रक्कमा सांगितल्या, काय अडवले व काय गेले तेही सांगितले. कर्मचाऱ्यांच्या सहभागाचा पुरावा नाही, असे तिचे म्हणणे होते. ‘पुरावा नाही’ आणि ‘सहभाग नाही’ ही दोन विधाने एक नव्हेत. पहिले मर्यादित, म्हणूनच अधिक प्रामाणिक.

तरीही मध्ये दहा दिवस गेले. पैशाचा माग काढताना चोरांना सावध करणे परवडत नाही, हे खरे. पण तेवढ्या काळात ठेवीदार अंधारातच असतो, हेही खरे.

बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून फेब्रुवारी २०१६ मध्ये याच मार्गाने आठ कोटी दहा लाख डॉलर गेले. तेथेही छपाईयंत्र बंद पडले होते. ती वार्ता अर्थमंत्र्यांनाही सुमारे महिनाभराने, आणि तीही वृत्तपत्रांतून कळली. १५ मार्च रोजी बँकेच्या गव्हर्नरांनी राजीनामा दिला.