जुना टर्बो सेट विकायचाय? आधी पोतं उघडून दाखवा

धर्माबादच्या एका प्रेक्षकाचा फोन आला. हैदराबादच्या एका मुलाने गाडी विकण्याआधी टर्बो सेट काढून ठेवला होता. टर्बो, मॅनिफोल्ड, इंटरकूलर, इंजेक्टर, पाइप असा तो सेट या भावाने ४५ हजारांना घेतला. पैसे घरच्या मिरचीचे. दोन महिने झाले, गिऱ्हाईक नाही. "सर, निदान टर्बो एकटा विकू का?"

मी म्हणालो, थांब. टर्बो गेला की मॅनिफोल्ड भंगार होतं, कारण त्याचा फ्लँज त्याच टर्बोला बसतो. ही जोडी फोडायची नाही. इंजेक्टर आणि इंटरकूलर सुटे गेले तरी चालतील.

आता गिऱ्हाईक का फिरत नाही? धर्माबादच्या मिरची बाजारात व्यापारी पोत्यात खालपर्यंत हात घालतो, वरची लाल मिरची बघून भाव देत नाही. याने मात्र धुऊन चकाचक केलेला एकच फोटो टाकला होता. जुन्या टर्बोच्या गिऱ्हाइकाला चमक नको असते. शाफ्ट हाताने हलवून दाखवणारा व्हिडिओ काढा. बाजूला किंचित हलला तर घाबरू नका, बुश बेअरिंगमध्ये ऑइलच्या थरासाठी तेवढी जागा असतेच. पण मागे-पुढे जाणवण्याइतका सरकला, किंवा पातं घराला घासलं, तर तो टर्बो चालू म्हणून विकायचा नाही. पात्यांच्या कडा, गरम बाजूची तडा, वेस्टगेटचा दांडा मोकळा आहे का, हे जवळून दाखवा. प्लेटवरचा पार्ट नंबर वाचता आला पाहिजे. ऑइल लाइन नसेल तर "नाही" असं लिहा. पार्सल पोचल्यावर कळलं तर माल परत येतो, भाडं तुमच्या डोक्यावर.

कागद. विकणाऱ्याचं आधार, आरसीची प्रत आणि सही केलेली पावती घ्याच. माल चोरीचा निघाला तर पोलीस तुमच्या दारात येतात.

आणि धर्माबादकरांनो, तुमची खरी गोची सीमेची आहे. महाराष्ट्रात मालविक्रीला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पण बासर-निजामाबादला पार्सल लावलं की ती आंतरराज्य विक्री, तिथे पहिल्या रुपयापासून नोंदणी. घाबरू नका, जुन्या मालाला मार्जिन स्कीम आहे. खरेदीवर क्रेडिट घेतलं नसेल तर कर फक्त फरकावर. ४५ ला घेतलं, ६० ला विकलं, तर १५ हजारांवर १८ टक्के, म्हणजे २,७०० रुपये. पूर्ण ६० हजारांवर धरला असता तर १०,८०० झाले असते. आपल्या सीएला एकदा विचारून घ्या.

एक गोष्ट गिऱ्हाइकाला तोंडावर सांगा. रस्त्यावरच्या गाडीत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात जातो, आणि मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. "काही होत नाही भाऊ" म्हणून विकलेला माल भांडण घेऊन परत येतो.

माझं स्पष्ट मत, हा शौकीन माल रोजच्या गल्ल्याचा नाही. आपल्याकडे रोज फिरतात त्या बोलेरो पिकअप, स्कॉर्पिओ. त्यांचा टर्बो गेला की तोच पार्ट नंबर बसवायला गॅरेजवाला शोधत फिरतो, आणि त्यात कायद्याचीही अडचण नाही.

त्या भावाने परवा नवा व्हिडिओ टाकला, ऑइल लाइन नसल्याचं लिहून. सेट अजून त्याच्याकडेच आहे. पण इंटरकूलर ९ हजारांना गेला, आणि पुण्याच्या एकाने टर्बो-मॅनिफोल्डचा पार्ट नंबर मागवलाय.