ओल्या पायऱ्या मोज

पुणे,
गुढीपाडवा

चि. मनू,


मेच्या सुट्टीचा तुझा बेत वाचला. तीन दिवसांत कुराशिकी, ओनोमिचि, तोमोनोउरा, हिरोशिमा आणि मियाजिमा! तोमोनोउराच्या वाट्याला तू सव्वादोन तास दिले आहेस. तुझ्या आईने हौसेने तो कागद मला पाठवला आणि ‘हिला काही सांग’ म्हणून खाली लिहिलं. सांगते. ऐकायचं की नाही, ते तू ठरव.

बाकीची सगळी गावं ठेव किंवा काढ, माझी हरकत नाही. तोमोला मात्र रात्रभर राहा. ते जमत नसेल तर तोमो यादीतून खोडून टाक.

हे मी स्वतःची चूक करून शिकले आहे. फुकुयामाला दुभाषी म्हणून कामाला गेले होते, अर्धा दिवस मोकळा मिळाला, तेव्हा बस पकडून तोमोला आले. स्टेशनापासून अर्ध्या तासाचा तर रस्ता. बंदराच्या तोंडाशी उभा असलेला 1859 सालचा दगडी दीपस्तंभ पाहिला. त्याला जोयातो म्हणतात. त्याच्या शेजारी पाण्यात उतरणाऱ्या चार-पाच पायऱ्या पाहिल्या, फोटो काढले, परतीची बस गाठली. जपानीच्या वर्गात शिकवताना पुढे कितीतरी वेळा मी तो फोटो दाखवला आणि तोमो पाहिल्याचं सांगितलं. बऱ्याच वर्षांनी पुन्हा गेले, तेव्हा ओहोटी होती. त्याच जागी पायऱ्याच पायऱ्या खाली उतरत गेल्या होत्या, शेवाळलेल्या, शिंपल्यांनी भरलेल्या. म्हणजे पहिल्या खेपेला बंदराचा बराचसा भाग माझ्या पायाखाली पाण्यात होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या पायऱ्यांना ‘गांगी’ म्हणतात. दिसायला आपल्या वाईच्या घाटासारख्या, पण घाटावर माणूस पाण्याकडे उतरतो, इथे पाणी माणसाकडे चढतं. भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत तीन-चार मीटरचा फरक पडतो. होडी कोणत्याही वेळी आली तरी तिच्या काठाला एखादी पायरी लागतेच, आणि माल चढवता-उतरवता येतो.

आपण कोकणातली माणसं. आपल्याला भरती कुणी समजावून सांगावी लागत नाही. पण आपली भरती एका बाजूने येते. तोमोसमोरचा सेतोचा समुद्र मात्र बेटांनी कोंडलेला. त्यात भरतीचं पाणी पूर्वेकडून कीइच्या सामुद्रधुनीतून शिरतं आणि पश्चिमेकडून बुंगोच्या. दोन्ही प्रवाह तोमोच्या आसपास भेटतात. ओहोटी लागली की पाणी इथूनच दोन्हीकडे पांगतं. शिडाच्या जहाजाला याचा अर्थ सरळ होता: भरतीबरोबर तोमोपर्यंत यायचं, नांगर टाकायचा, आणि पाणी उलटलं की त्याच्याबरोबर पुढे निघून जायचं. मधला वेळ थांबण्याचा. त्याला जपानीत एक शब्दच आहे, ‘शिओमाची’, भरतीची वाट पाहणं. हे गाव त्या थांबण्यावर वाढलं. खलाशी थांबले म्हणून खानावळी आल्या, गोदामं आली, देवळं आली, जहाजाचे तळ आगीने शेकून किडे मारण्याची जागा झाली. 1659 पासून इथे सोळा औषधी घालून गोडसर मद्य करतात, होमेइशू नावाचं. दालचिनी-लवंगांच्या वासाने तुला आजीचा काढा आठवेल, फक्त आजीचा हात गुळाला एवढा सैल नव्हता. एक घोट घे, बाटली मला आण.

मग गाव एवढं शांत कसं झालं? जहाजांना इंजिन आलं. त्यांना भरतीची गरज उरली नाही, म्हणून तोमोचीही उरली नाही. मोठी रेल्वे फुकुयामावरून गेली. तोमोला 1913 मध्ये एक छोटी गाडी आली, तीही 1954 मध्ये बंद झाली. पैसा दुसरीकडे गेला, तसं पाडून नवं बांधणंही दुसरीकडे गेलं. ज्या जुन्या गल्ल्या पाहून तू हरखशील, त्या काही अंशी गावाच्या पडत्या काळाने राखल्या आहेत, हे लक्षात असू दे. तिथे कुणाला ‘किती सुंदर, काहीच बदललं नाही!’ असं म्हणू नकोस. ज्याची मुलं ओसाकाला निघून गेली, त्याला ते कसं लागेल?

राखण्याचा उरलेला भाग मात्र भांडून झाला आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोर दोन गाड्या आल्या तर एकीने मागे जायचं. म्हणून 1983 मध्ये बंदराचा काही भाग बुजवून त्यावरून पूल नेण्याची योजना निघाली. गावात दोन तट पडले. मियाझाकी हायाओ 2005 मध्ये इथे येऊन राहिले आणि पुढे त्यांचा ‘पोन्यो’ हा चित्रपट आला. तो तू लहानपणी माझ्याच घरी पाहिलास. 2007 मध्ये काही रहिवासी कोर्टात गेले, आणि 2009 च्या ऑक्टोबरमध्ये हिरोशिमाच्या जिल्हा न्यायालयाने या देखाव्याचं मोल मानून भराव अडवला. शेवटी 2016 मध्ये योजना सोडून दिली गेली, आणि पुलाऐवजी डोंगरातून बोगद्याचा मार्ग धरला गेला. आपल्यासारख्या पाहुण्याला वाटतं, बरं झालं, बंदर वाचलं. मलाही वाटतं. पण ज्यांना पूल हवा होता ते सौंदर्याचे शत्रू नव्हते. त्यांना घरापर्यंत रुग्णवाहिका यायला हवी होती. विषय निघालाच तर ऐक. मत देऊ नकोस, तुझं मत घेऊन तू दुसऱ्या दिवशी निघून जाणार आहेस.

आता वागण्याचं. दुसऱ्या खेपेला मी भल्या सकाळी चाकांची बॅग ओढत गल्लीतून निघाले. दगडावर चाकं अशी खडखडली की एक खिडकी सरकली, मग दुसरी. कुणी काही बोललं नाही. एका आजींनी उलट मलाच मान लवून नमस्कार केला आणि मी लाजेने अर्धी झाले. दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताना ‘ओजामाशिमास’ म्हणायचं, म्हणजे ‘तुम्हाला अडचण करते आहे’, हे मी वर्षानुवर्षं मुलांना घोकून घेतलं होतं. पण घर उंबरठ्यापाशी सुरू होतं असं मी धरून चालले होते. तोमोसारख्या गावात ते गल्लीच्या तोंडापासूनच सुरू होतं. म्हणून पाठीवरची पिशवी ने. वाळत घातलेले मासे, जाळं विणणारे हात, दारातल्या कुंड्या यांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नकोस. नाही म्हटलं तर पुन्हा विचारू नकोस.

बाकी किरकोळ: सुटे पैसे जवळ ठेव. शेवटच्या बसची वेळ पोहोचल्याबरोबर पाहून घे. दुकानं लवकर मिटतात, रात्रीचं जेवण मुक्कामाच्या जागी आधी सांगून ठेव. तिथल्या मानाच्या माशाचं नाव ‘ताई’ आहे, हे ऐकून तुझी ताई रुसेल. पण तो भातात शिजवलेला जरूर खा. ‘मेदेताई’ म्हणजे शुभ, आणि त्या शब्दाच्या शेवटी ‘ताई’ येतं म्हणून सणासुदीला त्याला मान.

फुकुझेन्जी देवळाच्या ताइचोरो दालनात बूट काढून बस. नावाचा अर्थच भरतीसमोरचा माळा. 1711 मध्ये कोरियाच्या वकिलातीबरोबर आलेल्या एका अधिकाऱ्याने इथल्या देखाव्याला पूर्वेकडच्या देशात पहिला नंबर दिला होता. समोर छोटं बेंतेनजिमा दिसेल. बेंतेन म्हणजे आपली सरस्वती, चीनमार्गे तिथवर पोहोचलेली. माझ्या वतीने एक नमस्कार कर. ‘हारु नो उमी’ हे कोतोवरचं संगीत तुला ठाऊक आहे, नव्या वर्षाला जपानी दुकानांतून सारखं वाजतं. ते रचणाऱ्या मियागी मिचिओंचे वडील या गावचे. मिचिओंची दृष्टी लहानपणीच गेली होती. त्या दालनात थोडा वेळ डोळे मिटूनही बस.

आणि शेवटी एक गृहपाठ, जुनी सवय जात नाही. पोहोचल्यावर गांगीवर जा आणि पाण्याबाहेर किती पायऱ्या आहेत ते मोज. मग फिर, खा, झोप. सहा तासांनी पुन्हा मोज. मधल्या वेळात काही घडलं नाही असं वाटलं तरी घाबरू नकोस. त्या बंदरात माणसं शेकडो वर्षं हेच करत आली.

दोन्ही आकडे मला कळव. एकच आकडा आला, तर मी समजेन की तू सव्वादोन तासच राहिलीस.

तुझी,
मावशी