गिरणगाव : नकाशात नसलेल्या विभागाची प्रतिमा

शहराच्या मनोनकाशाचा विचार करताना केव्हिन लिंच यांच्या ‘द इमेज ऑफ द सिटी’ (१९६०) या ग्रंथाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजलिस येथील रहिवाशांकडून शहराचे कच्चे आराखडे काढून घेऊन त्यांनी मार्ग, सीमा, विभाग, संगमस्थाने व खुणा ही पाच अंगे निश्चित केली. महानगरी साहित्याच्या अभ्यासकालाही ती उपयोगी पडतात. मात्र लिंच यांचे शहर प्रामुख्याने डोळ्यांनी वाचलेले आहे. शिवाय त्यांचे निवेदक बहुतांशी व्यावसायिक वर्गातील होते, ही मर्यादा त्यांनी स्वतःच नोंदविली आहे.

मुंबईचे गिरणगाव या चौकटीत नीट बसत नाही. महापालिकेच्या प्रशासकीय विभागांत हे नाव नाही. तरीही लालबाग, परळ, काळाचौकी, चिंचपोकळी ही नावे उच्चारताच तो विभाग मराठी वाचकासमोर उभा राहतो. गिरणीची चिमणी ही लिंच यांच्या अर्थाने खूण खरीच; परंतु कामगाराच्या लेखी भोंगा अधिक महत्त्वाचा. भोंग्याने पाळी ठरे, पाळीने खानावळीतील पंगत ठरे, आणि गाववाल्यांच्या सामाईक खोलीत तीच जागा एकाने सोडली की दुसरा तेथे पथारी पसरी. ‘माझी जागा कोठे?’ या प्रश्नाचे उत्तर येथे ‘केव्हा?’ या प्रश्नावाचून देता येत नाही. लिंच यांच्या पाच अंगांत या काळाला स्वतंत्र स्थान नाही. (चाळीतील स्त्रियांचा नळाच्या वेळेभोवती आखलेला नकाशा हा आणखी वेगळा विषय आहे.)

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर हे वेळापत्रकच मोडले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकाचे वाचन या दृष्टीने व्हावयास हवे. त्यातील चाळीच्या खोलीत माणसे दिवसभर असतात. पाळीवर जाणे उरले नाही की खोली आकुंचित होते, हे तेथे संवादांहून हालचालींतून अधिक जाणवते, असे मला वाटते.

पुढे गिरण्यांच्या जागी मॉल व कार्यालये आली. फिनिक्स हे गिरणीचे नाव मॉलला लाभले. एल्फिन्स्टन रोड स्थानक २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. नाव टिकून स्थळ बदलणे आणि स्थळ टिकून नाव बदलणे, या दोन्ही घटना एकाच परिसरातल्या. येथे क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याने जुन्या कामगारासमोर कोरा कागद ठेवण्यापूर्वी त्याला आठ तासांच्या पाळीचा दिवसक्रम विचारावा. आराखडा त्यातूनच निघेल.